अंगठ्याखालचं पाणी

जुलैचा दुसरा आठवडा होता. ठाण्यात चार दिवस पावसाने उघडीप दिली नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी बाल्कनीत जाऊन मी अडेनियमच्या बुंध्यावर अंगठा टेकवला आणि तो पिकल्या पेरूत जावा तसा आत गेला. बोटाला आंबूस वास आला. वरून झाड ठणठणीत दिसत होतं. पानं हिरवीगार होती, एका फांदीच्या टोकाला दोन कळ्याही होत्या. मातीलगत मात्र तीन बोटं रुंदीचा भाग तपकिरी पडला होता.

मी तीस वर्षं सरकारी रुग्णालयात परिचारिका होते, त्यातली बरीचशी सोलापुरात. पायावर सूज आलेल्या रुग्णाच्या नडगीवर अंगठा दाबून धरायचा, सोडायचा, आणि पडलेला खड्डा किती वेळात भरून येतो ते पाहायचं, हे आम्ही पहिल्या वर्षी शिकलो. शरीरातलं पाणी कुठे साठलंय ते अंगठ्याला कळतं. नोकरी संपल्यावर ही सवय झाडांकडे आली आणि तिथे ती जास्तच उपयोगी पडली. ज्या झाडांबद्दल मी लिहितेय, त्यांचा सगळा जीव पाणी साठवण्यातच असतो.

ते झाड तेव्हा बारा वर्षांचं होतं. सोलापूरच्या गच्चीवर बी लावून वाढवलेलं, आमच्याबरोबर टेम्पोतून ठाण्याला आलेलं. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; सोलापुरात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही नाही. गाव बदललं, पण कुंडीतली माती मी सोलापूरचीच ठेवली होती, थोडी वाळू मिसळलेली काळी माती. गच्चीवरच्या उन्हात ती दोन दिवसांत सुकायची. ठाण्याच्या दमट हवेत दहा दिवस ओली राहिली.

पोटात पाणी बाळगणारी झाडं

अडेनियम आता आपल्याकडे घरोघरी दिसतं. गुलाबी, लाल, पांढरी फुलं, चकचकीत पानं आणि खाली रांजणासारखा फुगलेला बुंधा. नर्सरीत या बुंध्याला कुणी बल्ब म्हणतं, कुणी कॉडेक्स. कॉडेक्स हा मूळचा लॅटिन शब्द, अर्थ झाडाचं खोड. खोड आणि मूळ जिथे मिळतात तो भाग फुगवून त्यात पाणी आणि अन्न साठवणाऱ्या झाडांना हे नाव पडलं.

असा बुंधा पाहायला दूर जायला नको. शेवग्याचं बी कुंडीत टाका आणि दोन-तीन महिन्यांनी रोप अलगद उपटा. वर हातभर काटकुळी काडी आणि खाली मुळ्यासारखं जाड, पांढरं, झणझणीत वासाचं मूळ निघेल. कोरड्या दिवसांसाठी रोपाने केलेली ती तरतूद असते. मुंबईत आणि दख्खनच्या पठारावर अधूनमधून दिसणारी गोरखचिंच आफ्रिकेतून आलेली. तिचं अवाढव्य खोड हीदेखील पाण्याची टाकीच. ज्या प्रदेशात पाऊस थोडे दिवस येतो आणि मग महिनोन्‌महिने फिरकत नाही, तिथल्या झाडांनी हा मार्ग धरला. पाऊस असेल तेव्हा पिऊन घ्यायचं, कोरड पडली की पानं गाळून टाकायची आणि साठ्यावर दिवस काढायचे.

अडेनियमचं माहेर म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा पट्टा, पूर्व आफ्रिका आणि अरबस्तान. शास्त्राच्या पुस्तकात ते आलं त्याची कथा मला फार जवळची वाटते. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात एक मोहीम पाठवली. 1761 मध्ये निघालेल्या या मोहिमेत पीटर फोर्स्कोल हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता, लिनियसचा शिष्य. येमेनमध्ये झाडं गोळा करता करता 1763 मध्ये तो हिवतापाने गेला. वय अवघं एकतीस. एकेक करत सगळे सोबती गेले आणि शेवटी कार्स्टन नीबुर एकटा उरला. आजारी अवस्थेत तो जहाजाने मुंबईला पोचला, वर्षभराहून जास्त काळ राहिला, घारापुरीला जाऊन तिथल्या लेण्यांची मापं घेतली, चित्रं काढली. मित्राची टिपणं त्याने जपली आणि 1775 मध्ये छापून आणली. त्यात हे झाड होतं. फोर्स्कोलने त्याला नाव दिलं होतं नेरियम ओबेसम. नेरियम म्हणजे आपली कण्हेर आणि ओबेसम म्हणजे लठ्ठ. अडेनियम हे नाव पुढे 1819 मध्ये आलं, पण ‘लठ्ठ’ तसाच राहिला. आजही शास्त्रीय नाव अडेनियम ओबेसम असंच आहे.

फोर्स्कोलला कण्हेर आठवली ते बरोबरच होतं. कण्हेर, पांढरा चाफा, सदाफुली, तगर आणि अडेनियम ही सगळी एकाच कुळातली. यांची फुलं शेजारी शेजारी ठेवून पाहा, नातं डोळ्यांना दिसतं.

तहान आणि कूज

या झाडाची तहान आणि कूज दोन्ही मऊपणातूनच कळतात, त्यामुळे माणसं फसतात. बुंधा मऊ लागला की पाणी कमी पडलं असं समजून तांब्याभर ओततात. कूज असेल तर त्या तांब्याने झाड जातं.

अंगठ्याने फरक कळतो. तहानलेला बुंधा सगळीकडून सारखाच नरम असतो, हवा थोडी कमी झालेल्या चेंडूसारखा. दाबलं की दबतो, सोडलं की परत येतो. साल किंचित सुरकुतलेली असते आणि माती कोरडी ठक्क असते. कूज एका जागी असते. तेवढाच भाग खचतो आणि परत येत नाही. रंग गडद होतो, वास येतो. माती ओली असताना पानं पिवळी पडून गळू लागली, तर खाली काहीतरी बिघडलं आहे असं समजून लगेच पाहावं.

पाणी कधी घालावं हे मी तीन गोष्टींवरून ठरवते. एक, बुंध्यावर अंगठा. दोन, कुंडी उचलून वजनाचा अंदाज. ओल्या आणि सुक्या कुंडीतला फरक आठवड्याभरात हाताला पाठ होतो. तीन, खराट्याचा हीर. तो कडेने तळापर्यंत खोचायचा, पाच मिनिटांनी काढायचा आणि ओला भाग किती ते बघायचं. टोकसुद्धा कोरडं आलं की पाणी द्यायचं. मग मात्र कंजुषी नको. खालच्या भोकातून वाहून जाईपर्यंत भरपूर घालावं आणि कुंडीखालच्या ताटलीत साठलेलं ओतून टाकावं. रोज अर्धा कप घातल्याने वरची माती सतत ओली राहते, तळाची मुळं उपाशी राहतात.

थंडीचा वेगळा हिशेब आहे. सोलापुरात डिसेंबर उजाडला की माझी झाडं पानं टाकायची आणि शेजारच्या काकू हळहळायच्या, “सिस्टर, झाड गेलं बघा.” ते झोपलेलं असायचं. नखाने साल जरा खरवडली की खाली हिरवं दिसायचं. पानं नसलेल्या झाडाला पाणी खर्च करायला वाटच नसते, म्हणून तेव्हा तीन-तीन आठवडे पाणी देऊ नये. मुंबई-ठाण्याच्या सौम्य थंडीत पानं पूर्ण गळतीलच असं नाही, तरी वाढ मंदावते आणि पाणीही त्या मानाने कमी करावं लागतं.

कुंडी बदलण्याची वेळ

आता त्या कुजलेल्या झाडाकडे येते. पावसाळा कुंडी बदलण्याचा काळ नव्हे, पण त्या दिवशी थांबणं शक्य नव्हतं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, कुंडी आडवी केली, बाहेरून थापट्या मारत मातीचा गोळा सैल केला आणि झाड बुंध्याला धरून ओढलं. काळी माती मुळांना लिंपल्यासारखी चिकटली होती. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. फुगताना मुळांचा श्वास कोंडतो, भेगाळताना बारीक मुळं तुटतात. कापसाला ती मानवते, कुंडीतल्या अडेनियमला नाही.

नळाखाली मुळं धुतली. नवं पातं घेतलं, स्पिरिटने पुसलं आणि तपकिरी भाग कापायला सुरुवात केली. प्रत्येक कापानंतर पातं पुन्हा पुसायचं, कारण कुजलेल्या भागातली बुरशी त्याच पात्यावरून निरोगी भागात जाते. तपकिरी गेलं, मग पिवळसर आलं, मग कापलेल्या बटाट्यासारखा स्वच्छ पांढरा गर लागला. तिथेच थांबायचं नसतं. चांगला भाग आणखी अर्धा सेंटीमीटर घ्यावा लागतो. जखमेच्या कडांचं हे शिक्षण मला वॉर्डात मिळालेलं. खराब झालेली थोडीशी जरी कड मागे ठेवली तरी वरून केलेलं ड्रेसिंग वाया जातं. शेवटी बुंध्याला एका बाजूने आंब्याची कोय बसेल एवढी खोबण पडली.

जखमेवर बुरशीनाशक पावडर चोळली आणि झाड पंख्याखाली जाळीवर आडवं ठेवलं. नऊ दिवस तसंच. मातीबाहेर ठेवलेलं झाड पाहून घरच्यांचा जीव खालीवर होत होता, पण या झाडाच्या पोटात पाणी असतं आणि नऊ दिवस त्याला सहज काढता येतात. ओल्या जखमेने मातीत गेलं असतं तर मात्र चार दिवसही टिकलं नसतं. कापलेली जागा कोरडी, कडक, चामड्यासारखी होईपर्यंत वाट पाहणं ही या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि घाईत नेमकी तीच सुटते.

झाड निरोगी असेल तर कुंडी दर दोन-तीन वर्षांनी बदलावी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, फांद्यांच्या टोकांना नवी पालवी दिसू लागते तेव्हा. चार-पाच दिवस आधी पाणी बंद करावं, म्हणजे माती सहज सुटते आणि मुळं तुटत नाहीत. काढल्यावर जाड मुळं ठेवून केसांसारखी गुंतलेली बारीक मुळं छाटावीत. मग सावलीत तीन ते सात दिवस वाळवावं.

नवी कुंडी जुनीपेक्षा चार बोटं रुंद असली की पुरे. फार मोठ्या कुंडीतलं पाणी मुळांना पिऊन संपवता येत नाही. रुंद आणि उथळ कुंडी बरी, आणि पावसाच्या गावात भाजलेल्या मातीची सर्वांत चांगली, कारण तिच्या अंगातून ओल बाहेर जाते.

माझं मिश्रण असं: दोन भाग विटांचे तुकडे आणि जाडी वाळू, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड. विटा फोडून हरभरा ते वाटाणा एवढे तुकडे घ्यायचे आणि चाळणीने चाळून पूड टाकून द्यायची. ती पूड खड्यांमधल्या फटी बुजवते आणि सगळी मेहनत फुकट जाते. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून पिळून घ्यावं, त्यातलं मीठ निघतं. मिश्रण बरोबर झालं का ते पाहायला रिकाम्या कुंडीत ते भरून तांब्याभर पाणी ओतायचं. पाणी वर तळं करून न थांबता खालून निघून गेलं पाहिजे.

लावताना बुंधा आधीच्यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर वर घ्यावा. दर वेळी थोडा वर घेतल्याने मातीखाली जाड झालेली मुळं हळूहळू उघडी पडतात, आणि पंधरा-वीस वर्षांच्या अडेनियमला वडाच्या पारंब्यांसारखा जो डौल येतो तो यातूनच. पण आजवर अंधारात असलेल्या या सालीला ऊन सोसत नाही. एकदम कडक उन्हात ठेवलं तर ती भाजते आणि भाजलेला डाग जात नाही. म्हणून पहिले पंधरा दिवस सावली, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण ऊन. जुन्या झाडाची जी बाजू दक्षिणेकडे होती तीच पुन्हा दक्षिणेकडे ठेवावी. मी कुंडी काढण्याआधी त्या बाजूच्या फांदीला दोरा बांधते. लावल्यानंतर आठवडाभर पाणी नाही. आतल्या बारीक इजा तेवढ्यात सुकतात.

एकदा बस्तान बसलं की ऊन हेच त्याचं मुख्य अन्न. रोज पाच-सहा तास थेट ऊन मिळालं नाही तर फांद्या लांबुडक्या होतात आणि फुलं रुसतात. पावसाळ्यात कुंड्या विटांवर उचलून, भिंतीलगत, पत्र्याखाली किंवा पारदर्शक प्लास्टिकखाली ठेवते. उन्हाळ्यात लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण येतात. पिठ्या ढेकणाला स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा पुरतो. एखाद्या सकाळी अर्ध्या झाडाची पानं गायब दिसली तर फांद्यांवर बोटाएवढी जाड हिरवी अळी शोधा, डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळे ठिपके असतात. कण्हेरीवरच्या पतंगाची ती अळी. मी तिला उचलून खालच्या तगरीवर सोडते.

बी, चीक आणि सावधगिरी

फांदी लावूनही अडेनियम येतं, पण बियांच्या रोपासारखा घाटदार बुंधा त्याला सहसा येत नाही. शेंगा क्वचित धरतात, त्याही जोडीने, बैलाच्या शिंगांसारख्या. पिकू लागल्या की त्यांना दोऱ्याने गुंडाळून ठेवावं, नाहीतर एका दुपारी तडकतात आणि बिया वाऱ्यावर जातात. प्रत्येक बीला दोन्ही टोकांना रेशमी केसांचा झुपका असतो; वाळवंटातला वारा त्यांना चाकाच्या आसासारखं गरगरवत नेतो. माझ्या पहिल्या शेंगेतून बेचाळीस बिया निघाल्या. कोमट पाण्यात काही तास भिजवून, आडव्या ठेवून, वर वाळूचा पातळ थर दिला की ताज्या बिया चार ते सात दिवसांत उगवतात. पहिल्याच आठवड्यात त्या इवल्याशा देठाचं पोट सुटलेलं असतं. त्यातलंच एक रोप म्हणजे हे झाड.

चिकाबद्दल मात्र गांभीर्याने सांगते. फांदी छाटली की पाणेरी-पांढरा चीक येतो आणि त्यात हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड द्रव्यं असतात. टांझानियातले हादझा शिकारी याच चिकाचं विष बाणांना लावत आले आहेत. वॉर्डात डिगॉक्सिनची गोळी देण्याआधी आम्ही नाडी पूर्ण मिनिटभर मोजायचो आणि साठच्या खाली असली तर गोळी न देता डॉक्टरांना कळवायचो. अडेनियमच्या चिकातली द्रव्यं त्या औषधाच्याच जातकुळीतली, आणि इथे मात्रा मोजायला कुणी नसतं. म्हणून छाटताना हातमोजे घालावेत, डोळ्यांना हात लावू नये, कात्री आणि हात साबणाने धुवावेत, आणि रांगतं मूल किंवा पान चावणारं मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवावी.

अडेनियम हातात बसलं की माणसाला इतर फुगीर बुंध्यांची ओढ लागते. लाल झुबक्यांची जट्रोफा पोडाग्रिका सोपी आहे, मेक्सिकोची पोनीटेल पामही. दक्षिण आफ्रिकेतलं हत्तीपाय हे आपल्या कोनफळाचं भावंड, कासवाच्या पाठीसारख्या सालीचं. ते उन्हाळ्यात झोपतं, म्हणून त्याचं वेळापत्रक उलटं. पण घेताना एक विचारावं, रोप बियांपासून केलेलं आहे का? ही झाडं फार सावकाश वाढतात. रानातून उपटलेला मोठा बुंधा म्हणजे काही दशकं एका फावड्यात गेलेली असतात. मादागास्करच्या पॅकिपोडियमचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराखाली नियंत्रित करावा लागला तो यामुळेच. आपल्या सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांच्या काही जाती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत, आणि त्यांचे कंद मातीखाली असतात. ते तिथेच राहू द्यावेत. फुलं पाहायला आपण कड्यावर जावं.

त्या जुलैत नऊ दिवस पंख्याखाली राहिलेलं झाड मी नव्या मिश्रणात लावलं. ऑगस्टमध्ये त्याने उरलेली सगळी पानं टाकली. दोन महिने काहीच घडलं नाही. मी रोज अंगठा लावत होते. बुंधा सगळीकडून सारखा नरम होता आणि खोबण कोरडी होती, एवढ्या भरवशावर थांबले. ऑक्टोबरच्या उन्हात एका फांदीच्या टोकाला तांदळाएवढा हिरवा कोंब दिसला. आता त्या गोष्टीला तीन वर्षं झाली. खोबण भरून आली नाही, येणारही नाही. तिच्या कडा गोल झाल्या आहेत आणि रंग बुंध्यासारखाच राखाडी झाला आहे. या फेब्रुवारीत त्याच बाजूच्या फांद्यांवर सोळा फुलं होती.

परवा संध्याकाळी झारी भरून बाल्कनीत आले तर सात वर्षांची नात आधीच कुंड्यांपाशी बसलेली. तिने त्या बुंध्यावर अंगठा दाबून धरला, सोडला, आणि नीट निरखून पाहिलं.

“आजी, अजून कडक आहे. आज नको.”

मी झारी खाली ठेवली.